खाद्य लेपांची वाटचाल : मेणापासून लाखेपर्यंत

नाशवंत अन्नाच्या परिरक्षणाचा इतिहास बहुधा शीतगृहापासून सांगितला जातो. फळाच्या सालीवर दिला जाणारा खाद्य लेप त्याहून कितीतरी जुना आहे. चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांत संत्री व लिंबे टिकविण्यासाठी त्यांवर मेण चढवीत, असे या विषयाचे अभ्यासक नमूद करतात. मेणामुळे फळ सुकत नसे. मात्र त्याचा श्वास कोंडून ते आतून आंबत असे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये मांसावर चरबीचा थर देत, तोही ओलावा राखण्यासाठीच. (आपल्याकडे डाळीला एरंडेल चोळतात, ते मात्र किडीपासून बचावासाठी, त्याची गणना येथे करता येणार नाही.)

तोडलेले फळही सजीव असते, ते प्राणवायू घेते व कर्बवायू सोडते, हे ध्यानात आल्याखेरीज लेपाचे शास्त्र उभे राहणे शक्य नव्हते. केंब्रिज येथे फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदाच्या श्वसनाचा पद्धतशीर अभ्यास केला. प्राणवायू मर्यादित केल्यास पिकण्याची क्रिया मंदावते. अतिरेक केल्यास फळ बिघडते. चिनी व्यापाऱ्यांना आलेल्या अनुभवाचे कारण येथे सापडते.

तथापि व्यापार शास्त्राची वाट पाहत थांबला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत संत्रावर्गीय फळांवर वितळलेले पॅराफिन मेण देण्यास प्रारंभ झाला. बांधणीपूर्वी फळे धुताना त्यांचे नैसर्गिक मेण निघून जाई. त्याची भरपाई खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणाने होऊ लागली. पुढे ब्राझीलच्या ईशान्य भागातील ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरील कार्नौबा मेण पाण्यात मिसळून वापरण्यात आले.

भारताचा या इतिहासाशी संबंध प्रामुख्याने लाखेमुळे येतो. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवरील कीटकांचा हा स्राव. रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था १९२४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा लाखेची मागणी ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी होती. प्लॅस्टिकने ती बाजारपेठ हिरावून घेतली. फळांच्या लेपासाठी मात्र शुद्ध केलेली लाख आजही वापरली जाते. तिच्यामुळे फळाला चकाकी येते, परंतु तिच्यातून वायू कमी झिरपतात. शीतगृहातून बाहेर काढल्यावर दव धरून थर पांढुरकाही पडतो. सुट्या सालीच्या संत्र्यांत असा कोंडलेला वास व चव लवकर उतरते. नागपुरी संत्रे याच गटातले. त्यामुळे विदर्भातील बागायतदारासाठी लेपाची निवड हा केवळ चकाकीचा प्रश्न नाही. आठ शतकांपूर्वीची चूक पुन्हा करावयाची की नाही, असा तो प्रश्न आहे.

अलीकडे पर्यायांचा शोध वनस्पती व सागरी स्रोतांकडे वळला आहे. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान रसायनशास्त्राला १८५९ पासून परिचित आहे. कोरफडीच्या गराचा द्राक्षांवरील प्रयोग स्पेनमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला.

‘नैसर्गिक’ या शब्दाने सर्वच शंका मिटत नाहीत. लाख कीटकजन्य आहे, कायटोसान प्राणिजन्य. कडक शाकाहारी ग्राहकास ही माहिती हवीच. भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नौबा व लाख यांना मुभा दिली, ती लेबलवर तसा उल्लेख करण्याच्या अटीवर. हातगाडीवर सुटे विकल्या जाणाऱ्या संत्र्याला लेबल कोठे असते?