लोणार-मेहकरच्या लीळांतील 'हें' आणि 'एथ'

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही गावे महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास सुपरिचित आहेत. यादव राजा कान्हरदेव आणि चक्रधरस्वामी यांची भेट लीळाचरित्राने लोणार येथे घडविली आहे. त्या ग्रंथातील मेघंकर म्हणजे मेहकर, येथे बोणेबाई स्वामींना भेटली. स्थळांची ही निश्चिती बहुतांशी झालेली आहे. त्या स्थळी जे बोलले गेले त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र अनेकदा एका लहानशा दर्शक सर्वनामापाशी येऊन अडतो.

लीळाचरित्रात चक्रधर स्वतःविषयी बोलताना 'मी' हे सर्वनाम सहसा योजीत नाहीत. त्याऐवजी 'हें' हे नपुंसकलिंगी एकवचन, किंवा 'एथ', 'एथौनि' ही स्थलदर्शक रूपे येतात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर 'मला हे आवडत नाही' याच्या जागी 'येथे हे आवडत नाही', आणि 'मी ते देणार नाही' याच्या जागी 'येथून ते दिले जाणार नाही', अशी ही वाक्यरचना होय. जेवण, निद्रा, प्रवास, अशा नित्याच्या गोष्टींविषयीही हीच पद्धती दिसते. केवळ सिद्धान्तनिरूपणापुरती ती राखून ठेवलेली नाही, ही बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. 'देहाहून परमेश्वर भिन्न' या तत्त्वाचा हा व्याकरणातील आविष्कार, असे स्पष्टीकरण मोहक आहे. परंतु रोजच्या बोलण्यातील ही सवय त्याने पुरतेपणी उलगडत नाही.

मराठी माणसाला ही सवय सर्वस्वी परकी नाही. पतीचे नाव न घेणारी गृहिणी आजही 'हे अजून आले नाहीत' असे म्हणते. एके काळी 'इकडून येणे केव्हा झाले?' हा प्रश्न घरोघर ऐकू येई. 'एथौनि' आणि 'इकडून' यांची घडण एकाच जातीची आहे: व्यक्तीच्या जागी स्थळ, आणि कर्त्याच्या जागी निघण्याचा बिंदू. भेद इतकाच की गृहिणी दुसऱ्याला झाकते, चक्रधर स्वतःला. साम्यावर फार विसंबणेही धोक्याचे आहे. गृहिणीचे 'हे' आदरार्थी पुल्लिंगी अनेकवचन असून क्रियापदही अनेकवचनी राहते. स्वामींचे 'हें' नपुंसकलिंगी एकवचन. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेल्यावर दोहोंचे लेखन एकच झाले, आणि जुन्या पोथ्यांतही अनुस्वार काटेकोरपणे दिलेला असतोच असे नाही.

फिनिश भाषेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. प्रमाण लेखनभाषेत मनुष्यासाठी 'हॅन' आणि वस्तू वा प्राण्यासाठी 'से' हा भेद 19व्या शतकात पक्का करण्यात आला. बोलीत मात्र 'से तुली एइलेन' हे वाक्य, शब्दशः 'ते काल आले', माणसाविषयी सर्रास उच्चारले जाते आणि त्यात अनादर नसतो. तेव्हा वस्तुवाचक दर्शक माणसाला लावला की त्याचा दर्जा उतरतो, हा समज सार्वत्रिक ठरत नाही. मराठीत लहान मुलास 'ते' म्हणताना तो उतरत नाहीच.

खरी अडचण अर्थनिर्णयाची आहे. 'हें जाईल' या घडणीचे वाक्य घेतले, तर 'ही वस्तू जाईल' आणि 'मी जाईन' हे दोन्ही अर्थ संभवतात. कर्ता 'हें' असल्याने क्रियापद तृतीय पुरुषातच राहते आणि निर्णयास काही साहाय्य करीत नाही. 'एथ' हेही लोणारात 'या गावी' असू शकते, किंवा 'माझ्यापाशी'. उरतो तो केवळ प्रसंग. आणि तो प्रसंग म्हाइंभटाने साक्षीदारांकडून ऐकून, चक्रधरांच्या प्रयाणानंतर, 1278 च्या सुमारास संकलित केलेला. ही मूळ संहिता पुढे नष्ट झाल्यावर शिष्यांनी स्मरणाने ती पुन्हा उभी केली; म्हणूनच पाठभेदही निपजले. इतक्या हातांतून जाऊनही सोपे 'मी' या जागी घुसले नाही, यावरून ही लकब ऐकणाऱ्यांच्या कानात किती खोल रुजली असावी याची कल्पना येते.

हरि नारायण नेने यांनी 1936 पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले; पुढे विष्णु भिकाजी कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 मध्ये निघाली. कोलते मूळचे बुलढाणा जिल्ह्यातीलच, नरवेलचे. अशा आवृत्त्यांच्या आधारे अर्वाचीन मराठीत अर्थ देताना 'हें' च्या जागी सरसकट 'मी' घालणे वाचकास सोयीचे वाटते, परंतु जेथे 'हें' खरोखरच वस्तुवाचक आहे तेथे त्या सोयीने स्वामींच्या तोंडी त्यांनी न केलेले विधान जाते.