रामदास पाध्ये आणि दूरचित्रवाणीवरील बोलक्या बाहुल्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील बाहुलीनाट्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम पिंगुळी (जि. सिंधुदुर्ग) येथील ठाकर समाजाच्या कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नागर रंगमंचावर वाढलेल्या बोलक्या बाहुल्यांची परंपरा त्या मानाने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात रामदास पाध्ये यांच्या कारकिर्दीच्या आधारे, दूरचित्रवाणीमुळे या कलेत व कलावंताच्या स्थानात कोणते परिवर्तन झाले, याचा विचार केला आहे.

रामदास यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शब्दभ्रमाचे प्रयोग सुरू केले. ‘अर्धवटराव’ ही त्यांचीच निर्मिती. पुढे ‘आवडाबाई’ ही त्याची पत्नी म्हणून प्रसिद्ध झाली. रामदास यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये ते स्वतंत्रपणे रंगमंचावर उभे राहिले. बाहुलीचा जबडा, डोळे व मान यांच्या हालचाली हा मुळात यंत्ररचनेचा प्रश्न असल्याने हे शिक्षण त्यांच्या कलेला पूरकच ठरले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि अर्धवटराव घरोघरी पोहोचला. मात्र नाट्यगृह व पडदा यांत मोठे अंतर आहे. नाट्यगृहात प्रेक्षक दूर असतो. कॅमेरा कलावंताच्या ओठांपाशी येतो. मराठी वर्णमालेतील प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. शब्दभ्रमकाराला त्यांच्या जागी जिभेच्या साहाय्याने तत्सदृश ध्वनी काढावे लागतात. (‘बाहुली’ हा शब्दच ‘ब’ने सुरू व्हावा, हा योगायोग मार्मिक म्हणावा लागेल.) रंगमंचावर खपून जाणारी ओठांची किंचित थरथरही समीपदृश्यात उघडी पडते. अमेरिकेत एडगर बर्गन यांनी १९३७ पासून नभोवाणीवर हीच कला लोकप्रिय केली. तेथे ओठ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दूरचित्रवाणीवरील कलावंताला ती सवलत नव्हती.

दुसरे परिवर्तन अधिक महत्त्वाचे होय. शब्दभ्रमाच्या खेळात कलावंत बाहुलीशेजारी बसलेला असतो. दोघांचा संवाद हाच खेळ. जाहिरात व चित्रपट यांत मात्र बाहुलीकाराला चौकटीबाहेर जावे लागते. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा पाध्ये यांनी घडवला; तो ओळखणाऱ्या सर्वांनाच त्याचा निर्माता ठाऊक असेल, असे नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात तर हा बदल कथेतच अवतरतो. त्यातील नायक, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेला, बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे. पण बाहुलीत तात्या विंचूचा आत्मा शिरताच तिला चालवणारा हात अदृश्य होणे अपरिहार्य ठरते. तात्या विंचूची बाहुली पाध्ये यांची, तर दुष्टाची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची. एका पात्राचे कर्तृत्व असे विभागले गेल्यावर श्रेयनामावलीतील एका ओळीवरून बाहुलीकाराचे श्रम मोजता येत नाहीत.

या इतिहासाच्या साधनांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. चित्रपट पुन्हा पाहता येतो. थेट प्रक्षेपित झालेला कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित झाला नसेल, तर प्रेक्षकांच्या स्मरणापलीकडे उरत नाही. अशा वेळी बाहुली हेच प्राथमिक साधन ठरते. तिच्या जबड्यातील कळ, डोळ्यांची दोरी व वेळोवेळी झालेली दुरुस्ती यांची तपशीलवार नोंद, पाध्ये कुटुंबातील पुढील पिढी ही कला सादर करीत असतानाच, त्यांच्या साहाय्याने व्हावयास हवी. अर्धवटरावाने आता वयाची शंभरी ओलांडली आहे.