नळवायू : घरगुती वापरातील सुरक्षितता

सुरतजवळील हजिरा हे देशातील नैसर्गिक वायूचे प्रमुख केंद्र असून सुरत शहरातील असंख्य स्वयंपाकघरांत हा वायू नळाद्वारे पोहोचतो. जानेवारी २०२३ मध्ये तेथील कवासच्या एनटीपीसी वसाहतीत नळवायूत हरित हायड्रोजन मिसळण्याचा देशातील पहिला प्रकल्प सुरू झाला.

नळवायूत मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास छताकडे साचतो. सिलिंडरमधील वायू मात्र जड असल्याने जमिनीलगत पसरतो. म्हणून नळवायूच्या घरात वरचा झरोका कधीही बुजवू नये. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना एक ठिणगीही स्फोटास पुरते.

मूळ वायू गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. वास येताच शेगडी व मुख्य झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालू वा बंद करू नये. दूरध्वनी घराबाहेर जाऊनच करावा.

बंद न्हाणीघरातील गॅस गिझर अधिक घातक ठरतो. अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.