मिथेनाचे ऑक्सिडीभवन, सरोवरजलातील
सरोवराच्या तळगाळात ऑक्सिजनविना तयार होणारा मिथेन वर येताना पाण्यातील मिथेनभक्षी जीवाणूंचे अन्न बनतो. मिथेन मोनोऑक्सिजनेज या एंझाइमामुळे त्याचे प्रथम मिथेनॉल होते. पुढे काही कार्बन पेशींत मुरतो, उरलेला कार्बन डाय-ऑक्साइड होतो. खालून मिथेन व वरून ऑक्सिजन जेथे भेटतात, त्या पातळ थरात ही क्रिया सर्वांत जोमदार असते. रवांडा–काँगो सीमेवरील, ४८५ मी. खोल किवू सरोवर हे तिचे विलक्षण उदाहरण. तेथील खोल पाण्यात सुमारे ६० घन किमी. मिथेन विरघळलेला आहे, तरी पृष्ठभागावरून हवेत सुटणारा अंश अत्यल्प असतो. उथळ सरोवरांत बुडबुड्यांवाटे झपाट्याने वर जाणारा मिथेन मात्र बहुतांशी निसटतो.