गालिच्यांची प्रतवारी

गालिच्यांची प्रतवारी : गालिच्याची वीण, गाठींची दाटी, लोकरीचा कस, रंगाचा पक्केपणा आणि तुडवणूक सोसण्याची ताकद तपासून त्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत. दर्जात दोन वेगळ्या गोष्टी येतात : गालिचा किती बारीक विणला आहे आणि तो किती वर्षे टिकेल. विक्रेते बहुधा पहिलीचा आकडा सांगतात आणि गिऱ्हाईक त्यावरून दुसरीचा अंदाज बांधते. फसगत होते ती इथेच.

हातविणीच्या गालिच्यात ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारून तिची टोके वर सोडतात. या टोकांची मिळून लव तयार होते. गाठींची एक ओळ पुरी झाली, की बाणा (आडवा धागा) घालून ती पंजा नावाच्या फणीने ठोकून बसवतात. चौरस इंचात किती गाठी बसल्या, हे प्रतवारीचे मुख्य माप; मात्र प्रत्येक केंद्राने ते आपापल्या रीतीने मांडले आहे. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्ट्यात प्रत ‘९/६०’ अशी लिहितात. पहिला आकडा रुंदीच्या ०·९ इंचातील गाठींचा, दुसरा लांबीच्या साडेचार इंचांतील. हिशेब केला तर चौरस इंचाला सुमारे १३३ गाठी येतात. ५/४० प्रतीला ४९ आणि १२/६० ला १७८. ९/६० प्रतीच्या ९ × १२ फुटी गालिच्यात वीस लाखांहून अधिक गाठी असतात आणि त्यांतली प्रत्येक गाठ माणसाने हाताने मारलेली असते. गालिच्याची किंमत ऐकून नाक मुरडण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे. इराणमधील तब्रीझला सुमारे सात सेंटिमीटर रुंदीतील गाठींवरून ‘रज’ ठरतो, तर चिनी गालिच्यांत एका फुटातील गाठी ‘लाइन’ने सांगतात. नाईन या इराणी गावची रीत उलटी आहे : तिथे ताण्याच्या धाग्याचे पदर मोजतात आणि नऊ पदरांपेक्षा सहा पदरांचा, सहांपेक्षा चार पदरांचा गालिचा बारीक मानतात.

गाठी मोजायच्या त्या पाठीमागून. कोपरा उलटून पट्टी ठेवावी आणि एका इंचातील आडवे व उभे दाणे मोजून त्यांचा गुणाकार करावा. ताण्याचे दोन्ही धागे एकाच पातळीत असतील, तर एका गाठीचे शेजारी-शेजारी दोन दाणे दिसतात. ते वेगवेगळे मोजले, तर गाठींची संख्या दुप्पट निघते. जिथे एकच सुटी गाठ वेगळ्या रंगाची आहे, अशी जागा नक्षीत शोधली, की एका गाठीचे दाणे किती ते कळते.

गाठी दाट असल्या, की नक्षीतल्या वेलींची वळणे सफाईदार येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबिल गालिच्यात (१५३९-४०) चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी आहेत आणि त्यातले बारकावे त्यामुळेच शक्य झाले. टिकाऊपणाचा हिशेब मात्र निराळा. तो पहिल्यांदा लोकरीवर अवलंबून असतो. जिवंत मेंढीची कातरलेली, लांब तंतूंची, अंगचा तेलकटपणा राखलेली लोकर दाबली तरी पुन्हा उभी राहते आणि मळ लवकर धरत नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून रसायनाने सोडवलेली लोकर हाताला कोरडी व राठ लागते आणि तिची लव लवकर झडते. दुसरी बाब गाठीच्या खरेपणाची. ‘जुफ्ती’ गाठ दोनऐवजी चार धाग्यांवर मारतात. काम निम्म्यात उरकते, पण लव विरळ होते. वरून पाहिल्यास ही लबाडी सहसा कळत नाही. टफ्टेड गालिच्यात तर गाठच नसते : पिस्तुलासारख्या अवजाराने कापडात लोकर खुपसून मागे लॅटेक्सचा थर देतात. पाठीवर कापडाचे अस्तर चिकटवलेले दिसले, की तो गालिचा टफ्टेड समजावा. लॅटेक्स काही वर्षांनी सुकून भुगा होऊ लागते. असा गालिचा हातगाठीच्या भावाने विकणे ही सरळ फसवणूक आहे.

रंग तपासण्यासाठी ओले पांढरे फडके लवेवर घासतात. त्यावर डाग उमटला, तर रंग कच्चा. रेशमाची खात्री एक धागा जाळून करता येते. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, रेशमासारख्या दिसणाऱ्या व्हिस्कोजला कागद जळल्याचा. व्हिस्कोज पाण्याने कमजोर होते, म्हणून ही खात्री केवळ हौसेची नाही.

यंत्रावरच्या गालिच्यांसाठी प्रयोगशाळेतील चाचण्या असतात. व्हेटरमन ड्रममध्ये गालिच्याचा तुकडा आतून लावतात आणि रबरी गुट्ट्या बसवलेला पोलादी गोळा त्यावरून हजारो फेरे फिरवतात. दीर्घ चाचणी २२,००० फेऱ्यांची असते. मग नव्या तुकड्याशी ताडून रूप किती बिघडले याला ५ ते १ गुण देतात. युरोपीय मानक ईएन १३०७ नुसार घरगुती वापरासाठी २१ ते २३ आणि कार्यालये-दुकानांसाठी ३१ ते ३३ असे वर्ग आहेत. वर्ग जितका वरचा, तितकी वर्दळ अधिक सोसते. लवेची उंची इथे दिशाभूल करते. उंच, विरळ लव पायाला मऊ लागते, पण लवकर लोळते. आखूड, दाट लव अधिक काळ टिकते.

गालिच्यावरील शिक्क्यांचे अर्थही वेगवेगळे आहेत. भदोहीच्या हस्तनिर्मित गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ते मुख्यतः मूळ ठिकाणाची ग्वाही देते. १९९४ मध्ये ‘रगमार्क’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘गुडवीव्ह’ झालेला शिक्का बालमजुरी नसल्याचे सांगतो. टिकाऊपणाबद्दल हे दोन्ही शिक्के काही सांगत नाहीत. पण दुसरा शिक्का मागून घ्यावा, कारण विणणाऱ्या हातांचे वय पाठ उलटून कळत नाही.

रोजच्या वावराच्या खोलीसाठी चांगल्या लोकरीचा, घट्ट ठोकलेला ५/४० किंवा ९/५४ प्रतीचा गालिचा पुरेसा असतो. चौरस इंचाला शेकडो गाठींचा रेशमी गालिचा त्याहून कितीतरी महाग असला, तरी बुटांच्या वर्दळीत तो आधी झिजेल.