महिला कबड्डीकडे पाहताना : प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडची ओळख करून देताना आपण बहुधा कारखान्यांपासून सुरुवात करतो. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या काळात मोटारी, स्कूटर आणि सुट्या भागांचे कारखाने आले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली आणि उद्योगांचा पट्टा तळवडे, चाकण असा पुढे सरकत गेला. ही ओळख खरीच आहे. पण याच उद्योगनगरीच्या पोटात भोसरी, चिखली, मोशी, थेरगाव, पिंपळे गुरव अशी जुनी गावठाणे आहेत. शहर चहूबाजूंनी वाढले तरी त्यांनी आपली तालीम, आपली यात्रा आणि आपले कबड्डीचे मैदान सोडलेले नाही. त्या मैदानावर संध्याकाळी मुलीही उतरतात. त्यांच्या खेळाविषयी, आणि त्याहून अधिक त्या खेळाच्या बांधणीविषयी, वाचकांनी कुतूहल बाळगावे एवढ्यासाठी हे प्रास्ताविक आहे.

ज्यांनी शाळेत कबड्डी खेळली त्यांना हा विषय ओळखीचा वाटेल. ज्यांनी हा खेळ केवळ प्रो कबड्डीच्या निमित्ताने दूरचित्रवाणीवर पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषांचाच खेळ उभा राहील. दोघांचेही येथे स्वागत आहे. विषयात शिरण्यासाठी खेळाडू असण्याची अट नाही. पदकांच्या यादीपेक्षा थोडे खोल पाहण्याची तयारी मात्र हवी, कारण महिला कबड्डीचा खरा इतिहास पदकांच्या अलीकडे, मंडळांच्या नोंदणीत, निवड चाचण्यांत आणि नोकरीच्या अर्जांत दडलेला आहे.

आधी काळाचा आवाका ध्यानात घेऊ. कबड्डीला नियमांत बांधण्याचे काम महाराष्ट्रात आणि बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 मध्ये मद्रासला भरली आणि महिलांची 1955 मध्ये कोलकात्याला. म्हणजे पुरुष आणि महिला यांच्यातले अंतर अवघे तीन वर्षांचे होते. याचे मोल कळण्यासाठी क्षणभर दुसऱ्या एका झटापटीच्या खेळाकडे पाहू. रग्बी लीगचा पुरुषांचा पहिला विश्वचषक 1954 मध्ये झाला आणि महिलांचा त्यानंतर 46 वर्षांनी, 2000 मध्ये. अंगाला अंग भिडणारा सांघिक खेळ स्त्रियांनी राष्ट्रीय पातळीवर खेळावा, हे आपल्याकडे पन्नासच्या दशकातच मान्य झाले होते. मराठी वाचकाने याचा अभिमान जरूर बाळगावा.

मात्र पुढच्या तारखा वाचल्या की चित्र बदलते. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी 1990 मध्ये बीजिंगला आली, महिलांची 2010 मध्ये ग्वांगझूला. इथे अंतर वीस वर्षांचे झाले. पुरुषांची प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली. तिच्या चौथ्या हंगामात, 2016 मध्ये, फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स अशा तीन महिला संघांचे सामने झाले. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर 24-23 असा एका गुणाने जिंकला. इतका चुरशीचा सामना होऊनही तो प्रयोग पुढच्या हंगामात चालू राहिला नाही. मैदान गावाजवळचे असते तेव्हा मुलामुलींतले अंतर थोडे असते. व्यासपीठ मोठे होत जाते, त्यात पैसा येतो, तसे ते वाढत जाते. महिला कबड्डी समजून घेताना हा एक धागा हातातून सुटू देऊ नका.

आता बांधणीकडे वळू. सगळ्यात खाली मंडळ किंवा क्रीडा संघ. एखादे पत्र्याचे कार्यालय, मातीचे मैदान, अलीकडे जमल्यास मॅट, आणि बहुतेक वेळा स्वतः कधीकाळी खेळलेला एखादा प्रशिक्षक. हे मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदलेले असते, जिल्हा संघटना महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनशी आणि राज्य संघटना 1972 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली असते. ही रचना महाराष्ट्रात घट्ट करण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. मुलीचा प्रवास किशोरी, कुमारी आणि महिला अशा तीन गटांतून होतो. किशोरी गटाला 16 वर्षांची आणि 55 किलोची मर्यादा, कुमारी गटाला 20 वर्षांची आणि 65 किलोची, महिला गटाला वयाची अट नाही, वजन मात्र 75 किलोपर्यंतच.

हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. वाचकांनी एकदा निवड चाचणीच्या सकाळी मैदानावर जावे. सामने सुरू होण्याच्या कितीतरी आधी टेबलाजवळ वजनकाटा मांडलेला असतो. हातात आधार कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचे ओळखपत्र घेतलेल्या मुली रांगेत उभ्या असतात. कोणी सकाळपासून पाणीही प्यायलेली नसते, कोणी अर्धा किलो उतरवण्यासाठी मैदानाला फेऱ्या मारत असते. काटा 55 च्या आत थांबला की मागे उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा खुलतो. पुढे गेला तर वर्षभराचा सराव त्या गटापुरता तिथेच थांबतो. संघटना म्हणजे काय, हे घटनेच्या कलमांपेक्षा या टेबलाशी लवकर कळते. तिथे बसलेले बहुतेक कार्यकर्ते आपली नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे काम करतात. त्यांच्यावाचून यातली एकही स्पर्धा उभी राहणार नाही.

खेळ पाहताना नवख्या माणसाचे डोळे चढाई करणाऱ्या खेळाडूवर खिळतात. ते स्वाभाविक आहे, पण माझा आग्रह आहे की तुम्ही पहिले काही सामने बचावाकडे पाहून घालवा. महिलांचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असते, पुरुषांचे 13 बाय 10. दोन्ही बाजूंच्या एकेका मीटरच्या राखीव पट्ट्या झटापट सुरू झाल्यावरच खेळात येतात. म्हणजे त्याआधी महिलांच्या अंगणाची रुंदी उरते सहा मीटर. तेवढ्यात सात जणी हातात हात गुंफून साखळी करतात. चढाई करणारी मध्यरेषेवरून दम घेत आत येते आणि निदान रेषा ओलांडते. डाव्या कोपऱ्यातली खेळाडू अजून हललेली नसते. तिची नजर समोरच्या पायाच्या घोट्यावर असते. पाय बोनस रेषेकडे लांबला की ती झेपावते, घोटा धरते, आणि त्याच क्षणी शेजारची मध्यरेषेकडची वाट अडवते. यात एकीने घाई केली तरी गुण गेला. जागा अरुंद असल्यामुळे महिलांच्या सामन्यात साखळीतला हा ताळमेळ अधिक कसाला लागतो, असे माझे मत आहे. अंगणात तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असताना केलेली पकड जादा गुण देते. त्यामुळे हरत आलेला संघ शेवटच्या मिनिटांत कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखे असते.

सामना संपल्यावर शक्य झाल्यास गुणलेखकाकडचा कागद पाहा. कोणत्या खेळाडूने किती चढाया केल्या, कोणाच्या पकडी झाल्या, लोण कधी पडला, हे सगळे त्यावर टिपलेले असते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात फक्त निकाल आणि एखाददुसरे नाव येते. अभ्यास करू पाहणाऱ्याला खरा ऐवज त्या कागदावर सापडतो.

या विषयाचा गाभा मला पिंपरी-चाकण पट्ट्यात विशेष स्पष्ट दिसतो, आणि तो आहे बुडणाऱ्या रोजाचा प्रश्न. इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्या आणि खाणींच्या गावांत 1895 मध्ये रग्बीत फूट पडली, ती याच मुद्द्यावर. सामन्यासाठी कामगाराचा दिवस बुडतो, त्याची भरपाई द्यायची की नाही, हा तो वाद. भरपाई द्यावी म्हणणाऱ्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि तिच्यातून रग्बी लीग घडली. आपल्याकडे हा प्रश्न पुरुषांपुरता बऱ्याच अंशी कंपन्यांच्या संघांनी सोडवला. चांगल्या खेळाडूला कारखान्यात, बँकेत, बंदरात नोकरी मिळे आणि स्पर्धेसाठी रजाही मिळे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या कबड्डी स्पर्धा पाहिल्या तरी हे दिसते. पुरुष आपापल्या आस्थापनांच्या नावाने उतरतात, महिलांसाठी मात्र गट खुला ठेवलेला असतो आणि त्यात क्लब खेळतात. महिलांना स्पर्धा मिळाली हे चांगलेच झाले, पण त्या कंपनीच्या नावाने उतरत नाहीत याचा अर्थही वाचकांनी लक्षात घ्यावा. कंपनीची जर्सी म्हणजे नोकरी, रजा आणि दुखापत झाली तर उपचार.

म्हणून मुलींच्या वाटेवर रेल्वे आणि पोलीस दलाला एवढे महत्त्व आले. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले, त्यामागे प्रशिक्षणाइतकाच पगाराचा आधार आहे. राज्य शासनाच्या सेवेतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणामुळेही अनेक घरांत मुलीच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सरावाला पाठवताना वडील कचरत असतात, तेव्हा प्रशिक्षक याच आरक्षणाचा दाखला देतात. चाकणच्या कारखान्यांत आज मुली जुळणीच्या साखळीवर पाळीत काम करतात. त्यांच्यातली एखादी कुमारी गटात जिल्ह्याकडून खेळलेली असेल, तर रात्रपाळी आणि सराव यांतून तिला एकच निवडता येते. उद्योगांच्या इतक्या जवळ इतके खेळाडू असताना महिलांचे कंपनी संघ का उभे राहिले नाहीत, हा प्रश्न आपल्या पट्ट्यातल्या अभ्यासकाने आवर्जून हाती घ्यावा.

इतर देशांतली उदाहरणे येथे धीर देतात. इंग्लंडमध्ये महिलांची रग्बी लीग सुपर लीग 2017 मध्ये चार संघांनिशी सुरू झाली, ऑस्ट्रेलियातली 2018 मध्ये, तीही चारच संघांनिशी. दोन्ही टिकल्या आणि संघ वाढत गेले. चार संघ उभे करणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. वाकडचा पूल ओलांडला की म्हाळुंगे-बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी ती उभारली गेली आणि 2019 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. मैदान आहे, खेळाडू आहेत, प्रेक्षकही आहेत. सातत्याने पाठीशी उभा राहणारा हात अजून हवा आहे.

माणसांविषयी लिहायला बसलो तर ही प्रस्तावना संपायची नाही, तरी काही नावे घ्यायलाच हवीत. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना 1978 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. 2012 मध्ये पाटण्यात झालेल्या महिलांच्या पहिल्या विश्वचषकात भारताने इराणला 25-19 असे हरवले. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. नाशिकच्या शैलजा जैन यांची कथा तर प्रत्येक नवख्या वाचकाने जाणून घ्यावी. त्यांनी इराणच्या महिला संघाला शिकवले आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याच संघाने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवून सुवर्ण जिंकले. भारतीय म्हणून ती हार बोचली असेल, पण एका मराठी प्रशिक्षिकेच्या हातून खेळ दुसऱ्या देशात रुजला, हे मला त्या पदकापेक्षा मोठे वाटते. पुढे हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 7 ऑक्टोबर 2023 रोजी भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असे एका गुणाने हरवले आणि त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक कबड्डीच्या नावावर लिहिले गेले. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. 2025 मध्ये ढाक्याला झालेला दुसरा महिला विश्वचषकही भारताने जिंकला.

अशा नावांच्या मागे जिल्हा संघापर्यंत पोचलेल्या आणि नंतर खेळ सुटलेल्या कित्येक जणी आहेत. त्या आज आपल्याच सोसायटीत, आपल्याच शाळेत शिक्षिका म्हणून, आपल्याच कारखान्यात भेटतील. त्यांच्याकडे पिवळी पडलेली प्रमाणपत्रे आहेत, संघाची छायाचित्रे आहेत, आणि कोणत्या मैदानावर कोणाविरुद्ध कसा सामना गेला याची लख्ख आठवण आहे. भोसरी, चिंचवड, आकुर्डी, खेड, चाकण या भागांतला हा ऐवज अजून कोणी एकत्र केलेला नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरात अशी खेळाडू आहे, त्यांनी तिला विचारावे, छायाचित्रामागे नावे आणि वर्ष लिहून ठेवावे, आणि मंडळांनी जुनी गुणपत्रके रद्दीत देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.