आगीच्या भीतीतून उभी राहिली लोखंडी गिरणी

इंग्लंडमधील श्रूजबरी शहराजवळ डिथरिंग्टन येथे १७९७ मध्ये बांधलेली पाच मजली सूतगिरणी ही लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातील पहिली इमारत मानली जाते. आजच्या उंच टॉवरची ती आजीच म्हणा ना! इथे जवसाच्या तंतूंपासून लिननचे सूत काढले जाई.

लोखंड कशासाठी?
त्या काळी गिरण्यांच्या तुळया आणि मजले लाकडाचे असत. लाकडात यंत्रांचे तेल मुरलेले, हवेत तंतूंचा भुगा आणि उजेडाला उघडे दिवे. एक ठिणगी पडली की सगळे खाक. याच मालकांच्या, म्हणजे जॉन मार्शल आणि बेनियन बंधूंच्या लीड्समधील गिरणीला १७९६ मध्ये आग लागली होती. डर्बीत विल्यम स्ट्रट यांनी त्याआधीच बिडाचे खांब वापरले होते, पण तुळया लाकडीच होत्या. चार्ल्स बेज यांनी तुळयाही बिडाच्या केल्या. बेज यांचा मूळ धंदा दारूविक्रीचा आणि जमीनमोजणीचा, तरी खांब-तुळयांच्या ताकदीचे गणित त्यांनी स्वतः मांडले.

रचना कशी?
प्रत्येक मजल्यावर खांबांच्या तीन रांगा. खांबांवर आडव्या तुळया, दोन तुळयांमध्ये विटांची बुटकी कमान आणि वर भर घालून सपाट केलेली जमीन. कमानी बाजूला रेटू नयेत म्हणून लोखंडी सळयांचा ताण दिलेला. बाहेरच्या भिंती मात्र विटांच्याच आणि भार पेलणाऱ्या. आतपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून इमारत लांब आणि अरुंद ठेवली. यंत्रे वाफेच्या इंजिनावर चालत.

आतली माणसे
इमारत आगीपासून वाचली, पण आत राबणाऱ्या मुलांचे काय? इथे लहानपणी काम केलेल्या एका कामगाराने १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. डुलकी लागलेल्या मुलाला पाय धरून पाण्याच्या लोखंडी टाकीत बुडवत आणि पुन्हा कामाला जुंपत, असे त्याने सांगितले. मालकांनी आगीपासून भांडवल जपले. मुलांना जपायला कायदेच यावे लागले.

पुढे काय झाले?
१८८६ मध्ये गिरणी बंद पडली. नंतर १९८७ पर्यंत इथे बार्लीपासून माल्ट बनत असे. बरीच वर्षे पडीक राहिल्यानंतर दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये ही वास्तू लोकांसाठी खुली झाली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे बिडाचे खांब आजही जागेवर उभे आहेत.